गोरी आली त्या वर्षीचे पापड

फाल्गुन सरत आला की आमच्या जळगावच्या कॉलनीतल्या बायकांना दुसरा विषय नसतो. उद्या कोणाकडे, परवा कोणाकडे, उडीद कुठल्या गिरणीत दळले, पापडखार यंदा कडू निघाला का. पापड हे एकटीने करायचं काम नाहीच मुळी. ज्या घरचा नंबर असेल तिथे सगळ्याजणी आपापलं पोळपाट-लाटणं काखेत मारून जेवणं उरकल्यावर जमतात. कुटून कुटून मऊ झालेल्या पिठाच्या लाट्या तोडल्या जातात, आणि पहिली लाटी तेलात बुडवून प्रत्येकीच्या हातावर ठेवायची पद्धत आहे. कच्च्या उडदाची ती चिकट, मिऱ्याची, किंचित खारट लाटी मला लहानपणी इतकी आवडायची की पापड झाले नाहीत तरी चालतील, लाट्या हव्यात. आता माझ्या हातावर कोणी ठेवली की मी पाणी आणायच्या निमित्ताने उठते आणि ती दुसरीच्या ताटलीत सोडून येते.

यंदाही नंबर लागले. समोरच्या गच्चीवर जुन्या साड्या अंथरल्या आहेत, वाऱ्याने उडू नयेत म्हणून कोपऱ्यांवर विटा. खालच्या मजल्यावर कोणीतरी बिबड्यांसाठी, म्हणजे ज्वारीच्या पापडांसाठी, घाटा शिजवतं आहे, त्याचा वाफाळ वास जिन्यातून वर येतो. हा वास नाकात गेला की मी पारोळ्याला असते, आईच्या गच्चीवर, आणि लीना तिथे मांडी घालता येत नाही म्हणून पाय लांब करून बसलेली असते.

लीना म्हणजे माझ्या भावाची बायको. फिनलंडची. एवढ्या लांबची, एवढी गोरी, सोनेरी केसांची, आणि नाव लीना. आमच्या गल्लीत दोन लीना आधीच होत्या, त्यामुळे तिच्या नावाने सगळ्यांचा जरा हिरमोडच झाला. योगेश तिकडे नोकरीला गेला, तिथेच कोर्टात लग्न केलं, आणि दर वर्षी म्हणत राहिला, पुढच्या पापडांना घेऊन येतो. आईने आधी अबोला धरला, मग सोडला, मग सुनेसाठी लुगडं घेऊन ठेवलं. त्या वर्षी त्यांची तिकिटं खरंच काढलेली होती. माघात एक दिवस कामावर असताना योगेश खुर्चीवरून खाली पडला आणि उठला नाही. चाळिशीही गाठली नव्हती त्याने.

त्याला इकडे आणायचं तर किती दिवस लागतील ते कोणी सांगेना. शेवटी तिथेच दहन झालं. मी, माझे मिस्टर आणि नाना, म्हणजे माझे वडील, आम्ही ते मोबाइलवर पाहिलं. बाहेर बर्फ, आत मेणबत्त्या, काळ्या कपड्यांतली गप्प माणसं. आईने मोबाइलकडे बघितलंसुद्धा नाही. मी आग्रह केला तेव्हा माझ्यावरच उखडली. "मोबाइलमा बठ्ठंच दिसस. तुना पोऱ्या त्यामा रोज मान्सं मारस. मरतस का त्या?"

माझा मुलगा त्याच वेळी शेजारच्या खोलीत तोच खेळ खेळत होता.

आईने दहावं होऊ दिलं नाही, तेरावं होऊ दिलं नाही. मेलेल्याचं करतात, म्हणाली. मी त्याचं तोंड बघितलेलं नाही, हे तिचं पालुपद. नाना भिंतीला टेकून बसायचे आणि म्हणायचे, सूनबाई अस्थी घेऊन येते आहे, ती आली की तुझी आई मानेल. आम्ही सगळे तिच्या येण्याकडे डोळे लावून बसलो होतो. पोराचं मरण घेऊन येणाऱ्या बाईची वाट बघणं काय असतं, ते मला नीट सांगता येणार नाही.

मी तिला मुंबईहून रेल्वेने जळगावला आणलं आणि पुढे पारोळ्याला एसटीने. तिच्या मांडीवर फिक्या लाकडाचा एक गोल डबा होता, झाकणावर एक पान कोरलेलं. गाडीत शिरताच एका माणसाने खिडकीजवळच्या जागेवर टाकलेला रुमाल उचलून तिला जागा दिली. मला दिली नाही, मी तिचं सामान उचलणारी. मागच्या बाकावरच्या म्हातारीने हळूच तिच्या केसांना बोट लावून बघितलं आणि मला विचारलं, खरे आहेत का? पुढच्याने पगार विचारला. कंडक्टर म्हणाला, मॅडम, डबा वर ठेवा, पडेल. लीनाने मान हलवून तो आणखी जवळ घेतला. शेजारचे एक काका बराच वेळ डब्याकडे बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "फॉरेनचं चॉकलेट शे का, ताई?"

भरल्या एसटीत काय सांगायचं असतं? मी हो म्हणाले.

"मना पुतन्याबी आनस," काका म्हणाले. "कडू लागस." आणि एरंडोल येईपर्यंत त्यांनी एकदाही डब्यावरची नजर काढली नाही. मला हसूही येत होतं आणि खिडकीबाहेर उडी मारावीशीही वाटत होती.

आमच्याकडे कोणी गेलं की गावातली, नात्यातली माणसं दारावर येतात. पत्रिकेत त्याला द्वारदर्शन छापतात. बायका गल्लीच्या तोंडापासूनच पदर डोक्यावरून पुढे ओढून रडायला सुरुवात करतात, गेलेल्याला हाका मारत, त्याचे गुण सांगत आत येतात, आणि घरातल्या बाईच्या गळ्यात पडतात. मग घरातली बाई रडते. ती रडली की आलेल्यांचं येणं पोचलं. त्यात खरं किती आणि रीत किती हे कोणी मोजत नाही. रडण्याला सोबत लागते, पापडांना लागते तशीच.

लीना आल्याचं कळलं आणि दारावर येणाऱ्यांची रीघ लागली. ज्यांनी योगेशला कधी पाहिलं नव्हतं त्याही आल्या. गल्लीच्या तोंडाशी हंबरडा उठायचा, "योगूऽऽ, कोठे गया रे भाऊऽऽ" करत दारापर्यंत यायचा, आणि उंबऱ्यात लीना दिसली की रडणं मधेच तुटायचं. पदर बोटभर वर व्हायचा, खालून दोन डोळे तिला नखशिखांत बघून घ्यायचे. एक नवी नवरी तर पावडर लावून आली होती. आणि लीना काय करायची? उठून उभी राहायची, प्रत्येकीचा हात हातात घेऊन हलवायची आणि तिला येत असलेलं एकमेव वाक्य म्हणायची, "जेवनी का?"

हे तिला योगेशने शिकवलेलं. आमच्या घरी असंच विचारतात, असं सांगून. खोटं नाही. पण ज्या घरात सुतक आहे तिथे रडत आलेल्या बाईला जेवलीस का विचारायचं म्हणजे कमालच. बायका पदरात तोंड खुपसून गदगदायच्या, आणि ते हसू की रडू हे जिचं तिलाच माहीत. शेजारच्या शोभाअक्कांचे सासरे, ऐंशीचे आबा आले, त्यांनाही तिने तेच विचारलं. आबांनी काठी टेकली, तिच्याकडे क्षणभर बघितलं आणि म्हणाले, "हा माय, जेवनू." पहिल्यांदाच कोणीतरी तिला उत्तर दिलं होतं. तिने मान लववली.

या सगळ्यात ती रडली मात्र नाही. एकदाही नाही. पहाटे उठायची, अंघोळ करून किल्ल्याच्या खंदकापर्यंत चालत जाऊन यायची, मागे चारदोन कुत्री आणि दहाबारा पोरं. परत आली की अंगणातल्या खुर्चीत ताठ बसायची. मला ती इंग्रजीत म्हणाली होती की आमच्यात परक्यांसमोर रडत नाहीत, त्यांच्या जिवावर आपलं ओझं कशाला टाकायचं. आई स्वयंपाकघराच्या दारातून तिच्याकडे बघत राहायची. इतक्या बारकाईने आई सोनाराच्या काट्याकडेसुद्धा बघत नसे.

डबाही आईने उघडून बघितला. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी राख सावडतात, हाडं वेचतात, दुधापाण्याने धुतात. हाताला कळतं की हे माणूस होतं. त्या डब्यात मात्र चाळलेल्या पिठासारखी करडी भुकटी होती. तिकडच्या भट्टीत तशीच करून देतात. आईने दोन बोटं आत घातली, चोळली आणि झाकण लावलं.

"हाडं कोठे शेत? आशी राख ऱ्हास का मान्सानी?" ती मला म्हणाली. आणि मग आवाज खाली आणून, "अनं ती रडस नही. जिना दादला मरस, ती आशी बठस का?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आई वेडी झालेली नाही. तिला पुरावा हवा होता. हाडं नाहीत, तोंड बघितलं नाही, उरला एकच साक्षीदार, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी नाही. मग पोरगा गेला हे तिने कोणाच्या भरवशावर मानायचं? मला लीनाचा राग आला, हे कबूल करायला मला काही वाटत नाही. बाई, एकदा रड, असं मला तिला गदागदा हलवून सांगायचं होतं. पण रड म्हणून कोणाला सांगता येतं का? आणि ती रडली तर भावाबद्दलची माझीही आशा संपणार होती. रात्री कधी कधी मलाही वाटायचं की आईच बरोबर असेल.

नानांनी अस्थी मुक्ताईनगरजवळच्या चांगदेवला, तापी-पूर्णेच्या संगमावर न्यायचं ठरवलं. त्यांच्या आईवडिलांनाही तिथेच सोडलं होतं. आई येणार नाही म्हणाली, मग गाडी सुरू झाल्यावर येऊन बसली. भुसावळच्या पुढे केळीच्या बागा सुरू झाल्या तेव्हा लीनाने काच खाली केली आणि गरम वारा तोंडावर घेत राहिली.

संगमावर पाणी संथ होतं. गुरुजी यायचे होते. पायऱ्यांवर एक कुटुंब आलं होतं, बऱ्हाणपूरकडचं असावं. मुक्ताईला पोराचं जाऊळ काढून आलेलं. गोटा केलेलं ते बाळ हळदीने पिवळंधमक दिसत होतं. त्यांनी लीनाला बघितलं आणि झालं. आधी खुणा, मग ढकलाढकली, मग एक कॉलेजातली मुलगी पुढे आली. "मॅम, वन फोटो प्लीज?" लाल कपड्यात बांधलेलं मडकं असतं तर जगात कोणी विचारलं नसतं, चपला काढून दूर झाले असते. पण लीनाच्या हातात तर तो सुबक, पान कोरलेला डबा. त्यांचा काय दोष? मी नको म्हणायला पुढे झाले तोवर बाळाच्या आईने बाळ लीनाच्या मोकळ्या हातावर देऊनसुद्धा टाकलं होतं.

एका काखेत बाळ आणि दुसऱ्या काखेत योगेश. बाळाने तिचे सोनेरी केस मुठीत पकडले आणि ओढले. लीना हसली. चांगली खळखळून हसली. मुलीने फोन उंच धरला, सगळे दाटीवाटीने आत आले, मागे पायऱ्यांवर मी हात वर केलेली, नाना टोपी सावरत, आई. फोटो निघाला. थँक्यू मॅम, थँक्यू मॅम करत ते उसाच्या रसाच्या गाडीकडे गेले.

मी मागे वळून बघितलं तर आईचा चेहरा उजळला होता. माघापासून तो चेहरा मी बघितला नव्हता.

"दखं?" ती नानांना म्हणाली. "हासनी ती. मना योगू शे. कोठे तरी शे."

नानांनी तिला हात धरून समजावलं, गुरुजींनी समजावलं. आईने लीनाच्या हातातून डबा काढून घेतला, पदराखाली धरला आणि गाडीत जाऊन बसली. त्या पदरात काय आहे असं तिला वाटत होतं, देव जाणे. आम्ही पाण्याला हात न लावता परत आलो. गाडीत मी लीनाला सगळं सांगितलं. तिने खिडकीची काच वर केली. मग म्हणाली, योगेशने सांगून ठेवलं होतं, माझ्या गावाकडे लोक तुझ्या हातात आपली पोरं देतील, घे, नाही म्हणू नकोस. घरी आल्यावर आईने डबा फडताळावर पाहुण्यांच्या बॅगा असतात तिथे सरकवला. तिचं सामान आहे, जाताना दे, असं मला बजावलं.

दुसऱ्या दिवशी आईने उडीद काढले.

ज्या घरात माणूस गेलं तिथे वर्षभर पापड-कुरडया होत नाहीत. भावकीतली माणसं आणून देतात, घरात मात्र तळणाची कढई चढत नाही. शोभाअक्का धावत आल्या. "वहिनी, सुतकमा पापड करतस का?"

"कोनं सुतक?" आई म्हणाली. "मना घरमा कोन मरनं?"

दुपारी गच्चीवर कोणी आलं नाही. आमच्या गच्चीवरून गल्लीतल्या सगळ्या गच्च्या दिसतात. शोभाअक्कांकडे त्याच दिवशी पापड होते, पंधरावीस बायका, बांगड्यांचा नि लाटण्यांचा आवाज. आमच्याकडे आईने पिठाचा भलामोठा गोळा एकटीने कुटलेला, दोन साड्या अंथरलेल्या, आणि पलीकडून सगळ्यांच्या नजरा. मी नाइलाजाने पोळपाट घेतलं. लीना वर आली. कोणी न बोलावता बसली, पाय लांब करून, आणि मी करते तसं लाटायला लागली. तिचा पापड कुठल्या तरी बेटाच्या नकाशासारखा झाला. आईने तो बघितला, मोडला, पुन्हा गोळा केला. तिने पुन्हा लाटला. पुन्हा मोडला. असं बराच वेळ चाललं. ऊन चांगलंच तापलं होतं, लीनाचे खांदे लालबुंद झाले होते.

मग आईने काय मनात आलं कोण जाणे, एक लाटी तोडली, तेलाच्या वाटीत बुडवली आणि लीनासमोर हात केला. इतक्या दिवसांत ती सुनेशी एक शब्द बोललेली नव्हती. म्हणाली, "जेवनी का?"

सहज. आम्हाला शाळेतून आल्यावर विचारायची तशी. योगेशने तो सूर तसाच्या तसा नेला असणार तिकडे, कामावरून येऊन बूट काढताना रोज तिला विचारला असणार. लीनाने लाटी घेतली नाही. ती आईकडे बघत राहिली. आणि तिच्या घशातून एक आवाज निघाला, जो मी आधी कधी ऐकला नव्हता. शब्द तिच्या भाषेतले होते, एकही कळत नव्हता, मधे फक्त योगेश, योगेश. ती पुढे वाकली ती थेट पिठाच्या परातीवर. परक्यांसमोर रडत नाहीत म्हणणारी ती बाई अख्ख्या गल्लीसमोर, भर उन्हात, तोंड पिठाने माखून ओरडत होती.

आई तशीच हात पुढे करून बसली होती. लाटीवरचं तेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. तिने लीनाच्या पाठीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी तो चेहरा विसरू शकत नाही. मग तिने लाटी परातीत ठेवली, तेलाचा हात पदराला पुसला आणि पदर डोक्यावरून पुढे ओढला.

"गया वं माय," आई म्हणाली. "मना योगू गया."

शोभाअक्कांच्या गच्चीवरची लाटणी थांबली. थोड्या वेळाने जिन्यात पावलं वाजली. त्या सगळ्या आल्या, पिठाच्या हातांनी, आणि या वेळी लीनाकडे कोणी बघितलं नाही. तिच्याभोवती बसून तिच्यासारख्याच रडल्या. त्यांचे तिकडचे पापड उन्हात तसेच राहिले आणि वाळून वाकडे झाले. आमचे कोणी उचललेच नाहीत. सुतकाच्या घरचे पापड कोण खाणार? रात्रीच्या वाऱ्याने ते गच्चीभर पसरले. सकाळी आम्ही पुन्हा संगमावर गेलो. डबा आईच्याच मांडीवर होता. पाण्यात तिनेच रिकामा केला.

लीना परत गेली त्याला आता काही वर्षं झाली. नाना गेले. आई अजून आहे, पापडांचे दिवस आले की मी तिच्याकडे जाऊन येते. परवा गेले होते तेव्हा तिने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे योगेशचा हार घातलेला फोटो आहे, बाजूला नानांचा. लीनाबरोबरचा आमचा एकही नाही. सुतकात फोटो काढायचं कोणाला सुचणार?

"ती नदीवरली पोर," आई म्हणाली. "फोटू काढा व्हता तिनी. त्यामा बठ्ठा शेत ना आपन?"

मी आठवून बघितलं. नाना टोपी सावरत होते. मी होते, आई होती. लीना हसत होती, आणि तिच्या काखेत तो होता. आमचं सगळं घर एका फोटोत, त्या एकदाच.

"त्या लोकस्ले सोधी काढ," आई म्हणाली. "मांगी ले."

कुठे शोधू? नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. त्या घरात ते बाळ आता शाळेत जात असेल. कधी तरी फोन चाळताना ते लोक कोणाला तरी दाखवत असतील, बघा, आमच्या बाळाच्या जाऊळाला गोरी भेटली होती, किती हसरी बाई. मागे पायऱ्यांवर उभे आहेत ते कोण, असं कोणी विचारलं तर म्हणत असतील, ते होय, ते असेच कोणीतरी.